कॅलेंडरवर शीटला परत परत फुगे येतायत? टेंपरेचरला हात लावायच्या आधी बँक बघा

भिंतीवरचं कॅलेंडर नाही, रबराचं. तीन जाडजूड रोल एकावर एक, वरून गरम कंपाउंड (बाकीचा माल मिसळून तयार केलेलं कच्चं रबर) टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने सलग शीट काढायची ते. ज्यांच्याकडे हे मशिन आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल: शीट छान निघत असते, अर्धा रोल गुंडाळून होतो आणि मधेच फुगे सुरू. काही तुरीच्या डाळीएवढे, काही चिंचोक्यासारखे लांबट. दहा-पंधरा मीटर येतात, बंद होतात, परत येतात. ऑपरेटर टेंपरेचर पाच डिग्री वाढवतो, फुगे बंद. दुसऱ्या दिवशी परत येतात, तेव्हा दुसरा ऑपरेटर टेंपरेचर पाच डिग्री कमी करतो आणि तरीही बंद! आता वाढवूनही जातात आणि कमी करूनही जातात म्हणजे टेंपरेचरचा संबंध नसावा एवढं साधं डोक्यात यायला आम्हाला दीड वर्ष लागलं, सांगायला लाज वाटते पण खरंय.

आमचं मशिन जुनं थ्री रोल, रोलचा व्यास २४ इंच, तोंड म्हणजे रोलची रुंदी ६८ इंच, वाफेवर गरम होणारं. माल मुख्यतः नॅचरल रबराची शीट, टाकीच्या आतल्या लायनिंगसाठी. ॲसिडच्या टाकीला आतून रबर चिकटवतात ना, ते. त्यामुळे फुगा म्हणजे नुसता दिसायला वाईट असं नाही, गिऱ्हाईक साइटवर स्पार्क टेस्टर फिरवतं, जिथे बारीक भोक असेल तिथे निळी ठिणगी उडते आणि मग फोन येतो.

तर त्या दीड वर्षात आम्ही काय काय केलं नाही. कंपाउंडमध्ये तेल वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं, क्लेचा (रबरात भरायच्या पांढऱ्या मातीचा) सप्लायर बदलला, स्पीड १२ मीटरवरून ८ वर आणला, प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे आणि मग ये रे माझ्या मागल्या. मीटिंगमध्ये मिक्सिंगवाले म्हणायचे कॅलेंडरवाल्यांना चालवता येत नाही, कॅलेंडरवाले म्हणायचे कंपाउंडच खराब.

शेवटी एक गोष्ट लक्षात आली ती लॉगबुकातून. फुगे पहिल्या शिफ्टला जवळजवळ नाहीतच. सगळा त्रास सेकंड शिफ्टला, तोही साधारण साडेपाचनंतर. कंपाउंड तेच, गेज म्हणजे शीटची जाडी तीच, मशिन तेच. मग एक दिवस मी घरी न जाता थांबलो, स्टूल टाकून कॅलेंडरच्या फीडच्या बाजूला बसलो आणि कुणाला काही न बोलता नुसतं बघत बसलो. आमचे सीनियर ऑपरेटर, सगळे त्यांना काकाच म्हणतात, ते हसले, म्हणाले, "साहेब, शीटकडे नका बघू, शीट काय बघायची, बँक बघा."

बँक म्हणजे वरच्या दोन रोलच्या तोंडाशी कंपाउंडचा जो लोळ फिरत असतो तो. तो एकसारखा, बारीक, सलग फिरत राहिला पाहिजे. काकांचं माप सोपं आहे, पेन्सिलीएवढी बँक उत्तम, अंगठ्याएवढी चालेल, मनगटाएवढी झाली की फुगे आलेच समजा. का, तर मोठ्या बँकेत कंपाउंड नुसतं गोल फिरत बसतं, वरचं थंड होतं, घडी पडते, घडीत हवा अडकते आणि ती हवा घेऊनच कंपाउंड निपमध्ये, म्हणजे दोन रोलच्या फटीत, शिरतं. बारीक बँकेत हवेला मागच्या मागे सुटायला वाट असते.

आता मी जे पाहिलं ते. साडेपाचला चहा झाला. पहिल्या शिफ्टला वॉर्म-अप मिलवर (कॅलेंडरला द्यायच्या आधी कंपाउंड गरम, मऊ करायचं मशिन) एक मिलमन आणि तिथून कॅलेंडरला माल द्यायला एक हेल्पर असे दोघे असतात. सेकंड शिफ्टला खर्च वाचवायला म्हणून मध्यंतरी एक माणूस कमी केलेला. चहापर्यंत काका स्वतः मधे मधे फीड करायचे म्हणून निभायचं, चहानंतर काकांना वाइंड-अपला, म्हणजे शीट गुंडाळते तिथे, मधलं लायनरचं कापड बदलायला जावं लागायचं आणि मग तो एकटा पोरगा मिलही बघणार आणि कॅलेंडरही. तो काय करणार, दर वेळी मिलवरून लहान पट्टी कापून आणण्यापेक्षा एकदाच मोठा लोळा कापायचा आणि धपकन टाकायचा. मी तराजूवर ठेवून बघितला, बारा किलोचा भरला.

इथे जरा हिशोब करू, कारण हा हिशोब मी आधी कधी केलाच नव्हता. शीट दीड मिलिमीटर जाड, १.२ मीटर रुंद, स्पीड मिनिटाला १० मीटर. म्हणजे मिनिटाला १८ लिटर रबर, आमच्या कंपाउंडची डेन्सिटी १.३, म्हणजे साधारण २३ किलो. कॅलेंडर दर मिनिटाला २३ किलो खातंय. बारा किलोचा लोळा म्हणजे अर्ध्या मिनिटाचा घास. तो पडला की बँक मनगटाएवढी, संपत आला की मधे बँकच नाही, रोल दिसायला लागतो, परत धपकन. आणि तो लोळा मधोमध पडतो, तिथून कडेला पसरेपर्यंत कडा उपाशी. मी घड्याळ लावून बसलो होतो, फुगे मधल्या पट्ट्यातच, लोळा पडल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी, अगदी ठरल्यासारखे. टेंपरेचर बदललं की बरं का वाटायचं तेही कळलं, टेंपरेचर बदलताना ऑपरेटर स्पीड कमी करायचा, तेवढ्या वेळात बँक ताळ्यावर यायची, श्रेय मात्र टेंपरेचरला.

दुसरी भानगड ट्रिमची. कडेची जी पट्टी कापून निघते ती आम्ही परत वापरतो, सगळेच वापरतात, त्यात चूक काही नाही. पण ती परत वॉर्म-अप मिलवर जायला हवी. आमचा पोरगा ती गोळा करून थेट बँकेवर टाकत होता, थंड झालेली, चुरगाळलेली, घडी घडी झालेली. घडीत हवा आणि वर थंड रबर, दोन्ही एका दमात. शीटवर बाणाच्या टोकासारख्या रेघा दिसतात त्या बहुतेक अशा थंड मालाच्याच. पोराला विचारलं तर म्हणाला, "मला असंच दाखवलंय." दाखवणारा कधीच नोकरी सोडून गेलेला.

उपाय सांगायला सोपा आहे, वरच्यांना पटवायला अवघड होता. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, तीन-चार किलोपेक्षा मोठा तुकडा बँकेवर टाकायचा नाही, एक मधे, एक डावीकडे, एक उजवीकडे असं फिरत टाकायचं, ट्रिम सगळी मिलवर. हेल्पर परत मागितला. पुढे दोन महिन्यांनी एका फॅब्रिकेटरकडून साधा बेल्ट कन्व्हेयर करून घेतला, वॉर्म-अप मिलवर दोन गोल सुऱ्या लावल्या, त्या सलग पट्टी कापतात, पट्टी बेल्टवरून येते आणि बेल्टचं टोक बँकेवर इकडून तिकडे डोलत राहतं. खर्च फार नाही आणि फुग्याचं स्क्रॅप ज्या आठवड्यात बेल्ट सुरू झाला त्याच आठवड्यात डोळ्यांना दिसण्याइतकं कमी झालं. पट्टीची रुंदी आणि जाडी अशी लावायची की मिनिटाला जेवढं निघतं तेवढंच येतं, जरा जास्त वाटलं तर मिलवर सुरी आत सरकवायची, कॅलेंडरला हात लावायचाच नाही.

आणि हो, बँक बघा म्हटलं म्हणजे लांबून बघा. बँक हाताने सारखी करणारे लोक मी पाहिलेत, लाकडाच्या दांडक्याने ढकलणारेही. असलं काही करू नका. ट्रिप वायर, म्हणजे ओढली की मशिन थांबवणारी तार, रोज शिफ्टच्या सुरुवातीला ओढून बघायची, रोल किती इंचात थांबतात ते बघायचं, आणि गेज हातानेच मोजायचं असेल तर शीट मशिनवरून सुटल्यावर कूलिंग ड्रमच्या पुढे. रबर बोटाला चिकटतं आणि निपमध्ये गेलेला हात रोल आपण होऊन सोडत नाही.

आता जाडीचं. आम्ही आधी ३ मिलीची शीट सरळ एका दमात काढायचो. वेळ वाचतो ना. पण जाड शीटमध्ये हवा अडकते ती बाहेर पडायला जागाच नसते, दीड-दोन मिलीच्या वर सलग काढायला गेलात की बाकी सगळं बरोबर असलं तरी फुग्याची शक्यता वाढतेच. लायनिंगसाठी तर दीड मिलीचे दोन थर किंवा एक मिलीचे तीन थर करून जोडणं कधीही बरं, त्यात आणखी एक फायदा असा की एका थरात बारीक भोक राहिलंच तरी त्याच्या बरोबर वर दुसऱ्या थरात भोक असायची शक्यता जवळजवळ नाही, माल स्पार्क टेस्टला पास होतो. फक्त जोडताना दाबणारा रोलर मधून कडेकडे हवा ढकलेल असा हवा आणि थरांच्या मधे टाल्कची भुकटी जाता कामा नये, नाहीतर तिथे नवीन फुगे आपणच पेरले.

इथपर्यंत जे सांगितलं ते कॅलेंडरवरच दिसणाऱ्या फुग्यांचं. पण एक दुसरी जात आहे, तिच्यात लोक फसतात. शीट कॅलेंडरवरून अगदी स्वच्छ निघते, गुळगुळीत, फुगा औषधाला नाही, आणि ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखाली रबर शिजवायच्या टाकीतून, बाहेर काढली की आत पुरळ. हा हवेचा फुगा नाही, बहुतेक वेळा पाण्याचा आहे. कॅलेंडरचे रोल शंभर डिग्रीच्या आत असतात, तिथे ओलावा गप्प बसतो, व्हल्कनायझिंगला, म्हणजे रबर शिजवताना, १४०-१५० च्या वर गेलं की त्याची वाफ होते, आणि रबर पुरतं शिजायच्या आत जर प्रेशर सोडलं तर ती वाफ रबराला स्पंजासारखी फुगवते.

ओळखायचं कसं? ब्लेडने फुग्यातून आडवा छेद घ्या. हवेचा फुगा एकटा असतो, आतून चकचकीत, रोलच्या दिशेने लांबट, टाचणी टोचली तर फस्स करून बसतो. ओलाव्याचं भोक एकटं नसतं, छेद घेतला की आजूबाजूला बारीक बारीक भोकांची जाळी दिसते, पावासारखी. अजून खात्री करायची तर त्याच बॅचचा मूठभर कंपाउंड लॅब मिलवर घट्ट निपमधून सात-आठ वेळा काढा, पातळ करा, हवा सगळी जाते, मग प्रेसमध्ये जाड बटण (छोटी चकती) शिजवा आणि प्रेस लवकर उघडा. बटण कापल्यावर जाळी दिसली तर कॅलेंडरला दोष देऊ नका, मागे मिक्सिंगकडे जा.

आमच्याकडे हे पावसाळ्यातच व्हायचं, जून संपला की सुरू. कारणं तीन निघाली आणि तिन्ही एकत्र. एक, चायना क्लेच्या पिशव्या शटरजवळ जमिनीवर रचलेल्या, खालून ओल. पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, आणि शंका आली तर दहा ग्रॅम घेऊन १०५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवून परत वजन करा, एवढंच करायचं असतं, त्याला लॅब रिपोर्ट लागत नाही. सिलिकावाल्यांनी मात्र लक्षात घ्या, सिलिकात पाच-सात टक्के ओलावा असतोच, तो आहे म्हणून सप्लायरशी भांडू नका, मिक्सिंगमध्ये तो काढायची सोय करा. दोन, आमचं मिक्सिंग त्या वेळी ओपन मिलवर, म्हणजे दोन उघड्या रोलवर, व्हायचं, कूलिंगचं पाणी पूर्ण उघडं, कंपाउंड ७०-८० डिग्रीच्या वर जायचंच नाही. निडर किंवा इंटर्नल मिक्सर अशा बंद मशिनमध्ये कंपाउंड शंभरच्या वर जातं आणि बरंचसं पाणी वाफ होऊन निघून जातं, ओपन मिलवर ते आतच राहतं. कान दिला तर मिलवर चर्र चर्र असा आवाज येतो ओल्या मालाचा, आमच्या जुन्या मिलमनला तो ऐकू यायचा, मला सहा महिने ऐकू आला नाही. तीन, आणि ही सगळ्यात हास्यास्पद, मिक्स झालेल्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढल्यावर पंख्याखाली वाळवायच्या असतात, त्यातले दोन पंखे बंद होते आणि पट्ट्या ओल्याच एकावर एक रचल्या जायच्या, घडीघडीत पाणी. उन्हाळ्यात ते आपोआप वाळायचं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. केरळहून येणारं आरएसएस (धुरावर वाळवलेल्या शीटचं) रबरही पावसाळ्यात दमट येतं, कधी बुरशी घेऊन, ते वापरायच्या आधी दोन दिवस हॉट रूममध्ये ठेवायला लागलो.

तुम्हाला कारखान्यातच काही उलगडत नसेल तर नमुना घेऊन ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आयआरएमआरआय (पूर्वीची आयआरएमआरए) या रबर संशोधन संस्थेला द्या, पण देताना चांगल्या आणि वाईट दोन्ही शीटचे तुकडे द्या, त्याच बॅचचा कच्चा कंपाउंडही द्या. नुसता फुगा दिला तर तेही काय करणार.

टेंपरेचर अगदीच निर्दोष असतं असं माझं म्हणणं नाही. पण ते बघायचं कसं हा मुद्दा आहे. आमचे रोल जुन्या पद्धतीचे, मधून पोकळ, ते तापायलाही वेळ घेतात आणि निवायलाही, कॉक फिरवला की परिणाम दिसायला अर्धा तास जातो, तोवर माणूस अजून दोनदा फिरवून बसतो. परिघाजवळ भोकं पाडलेले ड्रिल्ड रोल असतील तर ते लवकर ऐकतात. पॅनेलवरचा आकडा हा रोलचा नसतो, वाफेचा असतो, म्हणून हातातला पायरोमीटर घेऊन मशिन थांबवून रोलच्या तोंडावर पाच ठिकाणी मोजा. आम्ही मोजलं तेव्हा मधल्या रोलच्या एका टोकाला दुसऱ्यापेक्षा नऊ डिग्री कमी. आतलं पाणी बाहेर काढणारा सायफन पाइप वाकडा होऊन कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, साचत होतं. ते साफ केल्यावर एका कडेचा खरबरीतपणा गेला, त्याआधी ती कड सुधारायला आम्ही रोलमधली फट कमी-जास्त करायच्या स्क्रूने रोल दाबून दाबून थकलो होतो. आणि रबर कुठल्या रोलला धरतं तेही लक्षात ठेवा, नॅचरल रबर गरम रोलला चिकटतं, म्हणून आम्ही मधला रोल वरच्यापेक्षा चार-पाच डिग्री गरम ठेवतो. ब्युटाइल या सिंथेटिक रबराचं उलटं, ते थंड रोलकडे जातं. एकाच सेटिंगवर दोन्ही चालवायला गेलात की शीट नको त्या रोलला गुंडाळली जाणार आणि ओढाताणीत फाटणार.

काही जण फुगा आणि डाग यात गल्लत करतात, म्हणून हेही. एकाच जागी, ठरावीक अंतराने डाग किंवा खळगा येत असेल तर तो कंपाउंडचा नाही, फिरणाऱ्या कुठल्या तरी वस्तूचा आहे. अंतर मोजा. आमच्या २४ इंची रोलचा घेर १.९१ मीटर, पण शीट सुटल्यावर लांबीत आखडते, म्हणून अंतर १.८ च्या आसपास भरलं तरी तो कॅलेंडर रोलच. अंतर त्यापेक्षा बरंच कमी असेल तर गाइड रोलर, कूलिंग ड्रम यांचे घेर काढून जुळवा. आम्हाला एकदा ६० सेंटिमीटरला डाग यायचा, शोधत शोधत गेलो तर एका गाइड रोलरवर वाळलेला रबराचा कण, तुरीएवढा. त्याच आखडण्यामुळे जाडीही बदलते बरं का, मशिनवर गरम असताना १.५० मोजलेली शीट दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर जास्त भरते, आम्ही म्हणून सेटिंग थोडं खालीच ठेवतो आणि खरं गेज रात्रभर निवलेल्या तुकड्यावर घेतो.

पीव्हीसीवाल्यांचं जग वेगळं, त्यांचे रोल १७०-१८० डिग्री आणि वर, त्यांची दुखणीही वेगळी, त्यात मी तोंड घालत नाही. पण बँकेचा नियम त्यांनाही लागू आहे असं एका पीव्हीसी लेदरवाल्या मित्राने सांगितलं. १८३६ साली अमेरिकेत एडविन चॅफीने पहिल्या रबर कॅलेंडरचं पेटंट घेतलं, त्याच्या त्या अवजड मशिनला लोक मॉन्स्टर म्हणायचे, तेव्हापासून काम तेच आहे, दोन रोलच्या फटीतून माल दाबून काढायचा, फटीच्या तोंडाशी काय चाललंय त्यावर सगळं.

सध्या आमच्याकडे लॉगबुकात फुग्याच्या रकान्यासमोर आम्ही तीनच गोष्टी लिहितो: कॅलेंडरवर दिसला की शिजल्यावर, मधे की कडेला, आणि त्या वेळी बँक केवढी होती. टेंपरेचरचा रकाना काढला नाही, पण शेवटी नेला. एक दुखणं अजून आहे, बँक जरा जड झाली की ऑपरेटर साइडची कड जाड होते, कमी झाली की परत जाग्यावर. स्क्रूचा दोष नाही, त्या बाजूच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे, दाब बदलला की रोल तेवढा तरंगतो. नवीन बेअरिंग येऊन पडलंय, दिवाळीच्या शटडाऊनला रोल उचलायचा आहे, तोवर काकांनी त्या बाजूला खडूने खूण करून ठेवलीय आणि पोराला सांगितलंय, "बँक ह्या खुणेच्या वर गेली तर मला हाक मार, स्क्रूला हात लावू नकोस."